वस्ताद कुठं होता? सांगलीतल्या एका सुपरहिरो-संघाच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ जोडायचा. विश्रामबागेत बसून हळदी, अक्षता आणि पाठवणी कापायला लागून वीस वर्षं झाली. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. व्हिडिओ झकास झाला म्हणून कुणी फोन करत नाही, पण नवरदेवाची आत्या एकाही शॉटमध्ये दिसली नाही तर रात्री अकराला फोन वाजतो. त्यामुळे गेल्या वर्षी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली सहा पोरं-पोरी दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, आमच्याकडं आठ सुपरहिरो आहेत, पिक्चर पाऊण तासाचा आहे, कोण ठेवायचा नि कोण काढायचा ते सांगा," तेव्हा मला प्रश्न ओळखीचा वाटला. आठ आत्या आणि एक अल्बम.

तो तसा नव्हता. आत्या अल्बममधून गळली तर आत्या रुसते. सुपरहिरो गळला तर गोष्टीलाच भोक पडतं, आणि ते भोक प्रेक्षकाला लेखकाच्या आधी दिसतं. त्या चार महिन्यांत काय ठरलं, कशावरून ठरलं आणि कुठं चुकलं, ते इथं लिहून ठेवतो. पोरांची नावं घेत नाही. दिग्दर्शक, लेखिका, कॅमेरावाला एवढ्यावर भागेल.

आठ जण

या गटानं तीन वर्षांत यूट्यूबवर आठ छोटे चित्रपट टाकले होते, कुठला आठ मिनिटांचा, कुठला बारा. प्रत्येकात एकच नायक, आणि प्रत्येक नायक जिल्ह्यातल्या एकेका जागेला चिकटलेला. ही कल्पना मला आजही आवडते.

कृष्णाई ही घाटावर पोहायला शिकलेली शाळकरी मुलगी. नदीचं पाणी तिच्या हाताच्या इशाऱ्यावर हलतं. सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला चित्रपट तिचाच. त्याखालोखाल वस्ताद, तालमीतला पैलवान. पहाटे नदी पोहून येतो, मेहनत करतो आणि दुपारी उसाची भरलेली ट्रॉली एका खांद्यावर तोलतो. हे काम करणारा पोरगा खराखुरा पैलवान. हळद्या हा मार्केट यार्डातला हमाल, त्याचा हात लागला की जखम भरते. बत्तीस हा शिराळ्याचा, सापांशी बोलणारा. फिटर कुपवाडच्या एमआयडीसीतला, त्याच्याकडे शक्ती कसलीच नाही, एक पाना आणि एक डोकं. बेपत्ता हा सरकारी कचेरीतला शिपाई. वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही म्हणून एक दिवस तो दिसेनासाच होतो.

जवारीचं नाव मिरजेबाहेर समजावून सांगावं लागतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथं टेकते तिथं सुताचा दोरा सरकवून जो झंकार जुळवतात, ती जवारी. वाद्यं करणाऱ्या घरातली ही मुलगी कोसावरचा आवाज ऐकते. आणि आठवा पाणाड्या, आटपाडीकडचा, तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी सांगणारा. पाणाड्यांच्या विद्येला शास्त्राचा आधार नाही हे मला ठाऊक आहे, पण कोळी चावल्यावर भिंतीवर चढता येतं यालाही तो नाही.

आता सगळ्यांना एकत्र आणायचं होतं. त्यासाठी संकट सगळ्यांचं लागतं, आणि सांगलीत सगळ्यांचं संकट कोणतं हे विचारावं लागत नाही. पावसाळ्यात इथं माणसं एकमेकांना कसा आहेस असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती झालं?" असं विचारतात. 1929 साली उघडलेल्या त्या पुलावर 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. लेखिकेचं घर दत्तनगरात. तिनं बारावीची पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर चढवली होती आणि पाणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलं होतं. गोष्ट पुराची असणार यावर सहाही जणांचं एका मिनिटात एकमत झालं.

मतदान, आणि तीन मिनिटांत संपलेला चित्रपट

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी मतदान घेतलं होतं. कुणाचा चित्रपट किती जणांनी पाहिला, खाली किती जणांनी काय लिहिलं, ते जमेला धरून पाच जण वर आले: कृष्णाई, वस्ताद, बेपत्ता, बत्तीस, फिटर. पाणाड्या शेवटून दुसरा, कारण त्याच्या चित्रपटात मारामारीच नव्हती.

मी म्हटलं, ठीक आहे, सुरुवात सांगा. दिग्दर्शक सांगायला लागला. मुसळधार पाऊस, कोयनेतून विसर्ग, आयर्विनला 43, 44, 45. सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरतंय. कृष्णाई घाटावर येते, हात वर करते...

"आणि?"

"आणि पाणी मागं जातं," लेखिकाच म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं.

हीच या प्रकरणाची खरी गाठ. पाण्याला हुकूम देणारी मुलगी पुराच्या गोष्टीत असली तर पूर येत नाही. तिला काढलं तर सांगलीतला प्रत्येक माणूस विचारणार, गाव बुडत असताना कृष्णाई कुठं होती? आत घेतली तर गोष्ट मरते, बाहेर ठेवली तर गोष्ट खोटी पडते.

अमेरिकेतल्या मोठ्या भावांनी काय केलं

हॉलिवूडचे सुपरहिरो-संघांचे चित्रपट मी तोवर पाहिलेच नव्हते. पोरांना ते तोंडपाठ. दोन आठवडे रात्रीचं काम आटपून मी ते पाहिले, प्रेक्षक म्हणून कमी आणि संकलक म्हणून जास्त. हातात वही, कोण कितव्या मिनिटाला येतो आणि कितव्या मिनिटाला बाजूला सारला जातो, तेवढंच.

माझी समजूत होती की मार्व्हल या कॉमिकवाल्या कंपनीनं 'ॲव्हेंजर्स' या संघात आपले सगळ्यांत भारी गडी एकत्र आणले. तसं झालेलं नाही. कॉमिकमधला ॲव्हेंजर्सचा पहिला संघ 1963 चा: आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प. कॅप्टन अमेरिका चौथ्या अंकात आला. 2012 च्या चित्रपटात मात्र अँट-मॅन नाही, वास्प नाही. त्यांच्या जागी ब्लॅक विडो आणि हॉकआय, म्हणजे शक्ती नसलेली दोन माणसं. शिवाय मार्व्हलच्या घरातली सगळ्यांत खपाची मंडळी तेव्हा घरात नव्हतीच. कंपनी 1996 साली दिवाळखोरीत गेली होती, आणि त्या सुमाराच्या ओढगस्तीत चित्रपटाचे हक्क विकले गेले होते. स्पायडर-मॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटास्टिक फोर फॉक्सकडे. म्हणजे उरलेल्यांतून संघ उभा राहिला. मला हे वाचून धीर आला. आमच्याकडेही उरलेलेच होते.

हक्कांच्या भानगडीतून काय काय निघतं त्याचं एक उदाहरण पोरांनी सांगितलं ते मला फार आवडलं. क्विकसिल्व्हर नावाचा वेगानं पळणारा गडी एक्स-मेनच्या गोतातलाही आणि ॲव्हेंजर्समधलाही. मग 2014 साली फॉक्सनं एका नटाला घेऊन त्याला पडद्यावर आणलं आणि 2015 साली मार्व्हलनं दुसऱ्या नटाला घेऊन. एकाच माणसाची दोन घरं, आणि दोन्ही घरांनी पान वाढलं. स्पायडर-मॅनसाठी 2015 च्या फेब्रुवारीत सोनीशी समझोता झाला आणि 2016 च्या मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर'मध्ये तो आला.

त्याच 'सिव्हिल वॉर'मध्ये आमच्या गाठीचं पहिलं उत्तर सापडलं. विमानतळावरच्या मारामारीत सहा विरुद्ध सहा, आणि दोघे नाहीत: थॉर आणि हल्क. ते नसण्याचं कारण उघड आहे. त्यांतला एक जरी कुठल्या बाजूला उभा राहिला तर सामना तिथंच निकालात निघतो. कुस्तीच्या मैदानात शंभर रुपयांच्या जोडीत हिंदकेसरी उतरवत नाहीत, तसंच.

पण बाहेर ठेवणं हा एकच मार्ग नाही, आणि तो सगळ्यांत सोपा म्हणून सगळ्यांत कच्चा. डीसी या दुसऱ्या कंपनीच्या 2017 च्या 'जस्टिस लीग'मध्ये सुपरमॅन आहे, पण आदल्या चित्रपटात तो मेलेला असल्यामुळे अर्धी गोष्ट त्याच्याविना चालते. मार्व्हलच्या 2018 च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये थॉर आहे, पण बराच काळ तो आपली कुऱ्हाड घडवून घ्यायला कुठल्या कुठं गेलेला आहे. हल्क आहे, पण बाहेर यायलाच तयार नाही. पहिल्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये तर हॉकआयला सुरुवातीलाच खलनायकानं आपल्या बाजूला ओढून घेतलंय. म्हणजे माणूस यादीत आहे, नटाचं नाव पोस्टरवर आहे, पण गोष्टीला तो नको असेल तेवढा वेळ दुसऱ्या कामावर धाडलेला आहे.

आणि जे खरोखर बाहेर आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य ठेवलेलं असतं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये हॉकआय आणि अँट-मॅन दिसत नाहीत. कुटुंबासाठी सरकारशी तडजोड करून दोघे नजरकैदेत आहेत, असं कुणीतरी सांगून टाकतं. चार सेकंद. त्या चार सेकंदांवर मी बराच वेळ घालवला. लग्नाच्या व्हिडिओत हे करता येत नाही. आत्या आजारी होती असं खाली लिहिता येत नाही.

'जस्टिस लीग'बद्दल आणखी एक. त्यातल्या फ्लॅश, सायबॉर्ग यांचे स्वतंत्र चित्रपट आधी आलेले नव्हते. फ्लॅशचा आला तो 2023 ला. त्यामुळे दोन तासांत ओळख करून द्यायची, भांडायचं, जुळवून घ्यायचं आणि जिंकायचं, सगळंच. 2021 साली दिग्दर्शक झॅक स्नायडरची 242 मिनिटांची आवृत्ती आली तेव्हा सायबॉर्गला बाप आणि दुःख दोन्ही मिळाले. आमच्या पोरांनी आठ स्वतंत्र चित्रपट आधीच करून ठेवले होते, आणि त्या बाबतीत त्यांचं काम हॉलिवूडच्या त्या कंपनीपेक्षा नेटकं होतं हे मी त्यांना सांगितलं. ती खूश झाली. मग मी सांगितलं की तीन जण काढायचे आहेत.

जोड्या

कोण भारी आणि कोण लाडका, हे दोन्ही प्रश्न मी बाजूला ठेवले. कोण कुणासमोर उभा राहिला की काहीतरी घडतं, एवढंच पाहायचं ठरवलं. आठ जणांच्या जोड्या होतात अठ्ठावीस. पाच जणांच्या दहा. सहा जणांच्या पंधरा. पाऊण तासात अठ्ठावीस जोड्यांना प्रत्येकी जेमतेम दीड मिनिट येतं, तेही पूर न दाखवता. भिंतीवर मोठा कागद लावला, आठ उभे आठ आडवे रकाने आखले, आणि नियम केला: या दोघांचा एक प्रसंग सांगा, जो त्या दोघांतल्या एकट्याला घेऊन होऊच शकत नाही. मारामारी चालणार नाही.

दोन रविवार गेले. अठ्ठावीसपैकी नऊ रकाने भरले.

त्या नऊपैकी पाचांत पाणाड्या होता. मतदानात शेवटून दुसरा आलेला. चारांत जवारी, तिनांत फिटर. वस्ताद फक्त एका रकान्यात, बत्तीस कशातच नाही. वस्तादसमोर कुणालाही उभं केलं की एकच प्रसंग सुचायचा: जड काहीतरी उचलायचं आहे, दुसरा बघतोय.

यावरून मला आपल्या नाटकातली गोष्ट आठवली आणि मी ती पोरांना सांगितली, कारण सांगलीत राहून ती माहीत नसणं बरं नव्हे. 8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड न बघणारे. दोन सुपरहिरो म्हणा हवं तर. एक नागठाण्याकडचा, दुसरा कोल्हापूरचा, आणि नाटक सांगलीच्या खाडिलकरांचं. तो प्रयोग उभा राहिला कारण नाटकात दोन खुर्च्या होत्या: बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. दोघांना एकाच जागेवर बसवायची वेळच आली नाही. वस्ताद आणि फिटर हे दोघे मात्र एकाच खुर्चीसाठी भांडत होते. अडलेलं दार उघडायचं. एक दंडानं उघडतो, दुसरा पहारीनं. आणि पहारीनं उघडणारा बघायला जास्त मजा येते, कारण ते उघडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं.

दिग्दर्शकाला हे पटलं नाही. "दादा, वस्ताद नसेल तर तालमीतली पोरं तिकीट काढणार नाहीत."

"तिकीट लावणार आहेस का?"

"नाही."

मग तोही गप्प बसला. पुढे असंही झालं की शूटिंग मार्चमध्ये ठरलं, तो ऐन जत्रांचा हंगाम, आणि वस्ताद करणाऱ्या पोराला त्या महिन्यात गावोगावची मैदानं होती. तो प्रश्न आमच्या हातातून परस्पर सुटला. सुटला असं तेव्हा वाटलं.

पैसे, साप आणि एक नाव

बत्तीसवर जास्त लिहिण्यासारखं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात जिवंत साप घेऊन शूटिंग करता येत नाही. शिराळ्यात नागपंचमीचे जिवंत नागांचे खेळही कोर्टाच्या निर्बंधांनंतर बंद झालेत. छोट्या चित्रपटात त्यांनी कॉम्प्युटरवर नाग काढला होता. तो पाण्याच्या पाइपासारखा दिसायचा.

हळद्या आत आला तो पैशामुळे. एकूण खर्च नव्वद हजार, त्यातले चाळीस हजार हळदीच्या एका व्यापाऱ्यानं घातले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांची अट एकच, हळद्या पाहिजे. त्यांचा पुतण्याच ते काम करतो. पोरांना हे लाजिरवाणं वाटत होतं. मला नाही वाटलं. लग्नात ज्यानं मांडव दिला त्याचा एक फोटो काढावाच लागतो. प्रश्न होता तो जखम भरणाऱ्या माणसाचा. संघात असा कुणी असला की बाकीच्यांना काही होणारच नाही, मग भीती कशाची? लेखिकेनं यावर तोड काढली. हळद्याला जखम भरता येते, भिजलेलं काही वाचवता येत नाही. सांगलीशेजारच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. हळद्याचा बाप त्या पेवांवरचा माणूस. पाणी चढत असताना हळद्यासमोर दोन गोष्टी: पोती की माणसं. तो पोत्यांकडे पाठ करून जातो आणि नंतर पिवळ्या गाळात उभा राहतो. अण्णांना हा प्रसंग वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोती किती लागतील? मी देतो. पण जुनी देतो."

बेपत्ताची गोष्ट वेगळी. ते पात्र ज्यानं लिहिलं तो पोरगा दीड वर्षापूर्वी भांडून गट सोडून पुण्याला गेला होता. लेखी काहीच नव्हतं. आपलं पात्र कुणी वापरायचं नाही असा त्याचा निरोप. म्हणजे सांगलीतही एक सोनी तयार झाली होती. पोरं म्हणाली, नाव बदलून वापरू. कॅमेरावाला म्हणाला, दिसतच नाही तर कुणाला कळणार? मी पुण्याला एका लग्नाच्या कामाला गेलो होतो तेव्हा त्या पोराला भेटलो, चहा पाजला. तो निम्मा तयार झाला. पडद्यावर आधी त्याचं नाव, एवढीच अट. मी मोठी मोहीम फत्ते करून आल्यासारखा परतलो, कारण मला तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसत होता: पुराच्या पाण्यात न दिसणारा माणूस चालतोय, आणि पाण्यात फक्त त्याच्या आकाराची पोकळी पुढे सरकतेय.

लेखिका म्हणाली, "दादा, पुराच्या गोष्टीत बेपत्ता नाव नको."

कुणीच काही विचारलं नाही. पुरानंतरच्या पेपरात तो शब्द कुठल्या यादीवर असतो हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दोन महिने ज्या हक्कांवर खल केला ते हक्क मिळूनही आम्ही वापरले नाहीत.

कृष्णाईचं काय केलं

नवा नियम लावायचा मोह झाला होता. तिची शक्ती हरवली, तिला ताप आला, कुणी मंत्र टाकला. हे सगळं कागदावर आलं आणि गेलं. प्रेक्षकाला आयत्या वेळी निघालेला नियम लगेच कळतो. मग मी त्यांना तिचा जुना चित्रपट पुन्हा लावायला सांगितला, सगळा, दोनदा. सातव्या मिनिटाला आजी घाटावर तिचे केस पुसताना म्हणते, "पात्रात हाय तवर ती तुझं ऐकंल. पात्र सोडलं की ती कुणाची नसती."

लेखिकेनं हे वाक्य तीन वर्षांपूर्वी नुसतं आजीच्या तोंडी शोभतं म्हणून लिहिलं होतं.

त्यावर सगळा चित्रपट बसला. पाणी चढत असतं तोवर कृष्णाई ते धरून ठेवते, एकटी, रात्रभर. पहाटे वारणेचा फुगवटा येतो. हरिपुराजवळ वारणा कृष्णेला मिळते, आणि वारणाही भरलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढं जायला वाट राहत नाही, ते सांगलीत तुंबतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नदी पात्र सोडते आणि मुलीच्या हातातून सुटते. त्या क्षणापासून संघातली सगळ्यांत बलवान व्यक्ती दत्तनगरातल्या इतर कुणाहीइतकी हतबल. थॉरला कुऱ्हाड आणायला पाठवलं होतं, आम्ही तिला गच्चीवर बसवलं.

आणि मग पाणाड्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली बुडत होती तेव्हा याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, टँकर चालू होते. या पोरानं जन्मात एवढं पाणी बघितलेलं नाही. त्याचं डोकं ठणकतं, कारण जिथं बघावं तिथं पाणी. शेवटी त्याच्या ध्यानात येतं की नारळ उलटा धरला तर पाणी कुठं नाही हे कळतं. दुष्काळातला पाणाड्या पुरात कोरडी वाट दाखवतो, गावभागातून विश्रामबागेकडे. जवारी अंधारात कुठल्या घरातून हाक येतेय ते ऐकते. फिटर गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, उचकटून तिला मोटर बसवतो आणि तिची होडी करतो. पूर कुणीच थांबवत नाही. ते आधीच ठरलं होतं. ज्यांच्या भिंतींवर 2005 आणि 2019 च्या पाण्याच्या खुणा आहेत त्यांना चित्रपटात पूर थांबलेला दाखवणं हे आम्हाला जमणार नव्हतं, आणि त्या वेळचं मोबाइलवरचं खरं चित्रण वापरायचं नाही हेही.

गच्चीवरचा प्रसंग या चित्रपटातला माझा सगळ्यांत आवडता. कृष्णाई विचारते, "तुमच्यात नदी नाही?" पाणाड्या म्हणतो, "हाय की. माणगंगा. पाणी नसतंय तिला, येवढंच." या प्रसंगाची लांबी एक मिनिट पन्नास सेकंद. त्यातला एकही सेकंद मी कापला नाही.

अंतिम संघ पाच जणांचा झाला. लांबी बेचाळीस मिनिटं.

खेळ

पहिला खेळ एका शाळेच्या हॉलमध्ये, दीडेकशे माणसं. बाहेर राहिलेल्यांची सोय आम्ही केली होती, आमच्या समजुतीप्रमाणे. बत्तीससाठी चाळीस सेकंद खर्च केले: पुरात साप घराघरांत शिरतात, तो तिकडे अडकलाय, असा जवारीचा फोनवरचा संवाद. हे माझ्या आग्रहावरून. त्या संवादाबद्दल आजतागायत कुणी एक शब्द बोललेलं नाही. वस्तादसाठी फिटरच्या तोंडी एक ओळ होती, "वस्ताद मैदानाला गेलाय." नट खरोखरच मैदानाला गेला होता, म्हणून ती कुणाला खटकली नाही.

चित्रपट संपला, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून पटका बांधलेले एक आजोबा उठले. "निम्मा जिल्हा पाण्यात, आणि मैदान कुठं भरलंय ओ?"

हॉल हसला. दिग्दर्शकही हसला, पण माझ्याकडे बघून. शूटिंग मार्चमधलं आणि गोष्ट ऑगस्टमधली, एवढी साधी गोष्ट सात माणसांच्या नजरेतून निसटली होती.

दुरुस्ती अवघड नव्हती. ती ओळ म्हणताना फिटर कॅमेऱ्याकडे पाठ करून नटबोल्ट आवळत होता, त्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. नवा आवाज भरला: "वस्ताद सांगलीवाडीत अडकलाय. पूल बंद केलाय." सांगलीवाडी नदीच्या पलीकडे, म्हणजे संकटानंच त्याला अडवलं. मला हे उत्तर चोख वाटलं.

दुसरा खेळ हरिपुरात, देवळासमोर पडदा लावून. फिटर ते वाक्य बोलला आणि पुढं बसलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईला मोठ्यानं म्हणाली, "पण त्याला पोहता येतं."

कॅमेरावाल्यानं अंधारातच मोबाइल काढून वस्तादचा जुना चित्रपट लावला. पहिलाच शॉट. पहाट, धुकं, आणि वस्ताद कृष्णा पोहून सांगलीवाडीकडून येतोय.